डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठीचे झाड

गेल्या श्रावणातील गोष्ट. आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने चेंडूएवढे, तपकिरी व खरखरीत सालीचे एक टणक फळ आणून आमच्या मेजावर ठेवले. व्हाळाच्या काठी सापडले म्हणाला. ते कवठ असावे असा त्याचा तर्क होता. परंतु घरी नेताच आजीने ते हिसकावून अंगणाबाहेर भिरकावले, त्यामुळे त्याचे कुतूहल अधिकच वाढले होते. आजीने केले ते योग्यच केले. ते कवठ नव्हते, कडू कवठ होते. आमच्या बाजूस कोणी त्यास खष्ट म्हणतात, कोणी कवटी. आम्ही ते फळ फोडून मुलांना दाखविले. आत पांढरट गर आणि त्यात कोनदार बिया एकमेकींस चिकटून बसलेल्या. मग सर्वांना हात स्वच्छ धुवावयास लावले व त्या फळाच्या निमित्ताने एका थोर पुरुषाची हकीकत सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने लिहीत आहोत. हा पुरुष आपणांस परका नव्हे. केरीहून निघून हरमल ओलांडले की मांद्रे गाव लागते. त्या मांद्रे गावचे हे डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांचे पाळण्यातील नाव रामकृष्ण, वडिलांचे विठ्ठल. जन्म १८२२ सालचा. काही चरित्रकार १८२४ हे साल देतात. जुन्या इंग्रजी ग्रंथांत जन्मगाव मांजरे, संस्थान सावंतवाडी, असे छापलेले आढळते, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. पेडणे महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता व १७८८ साली तो पोर्तुगीज सत्तेखाली गेला. म्हणजे भाऊंच्या जन्मकाळी तो गोव्यातच मोडत होता. परंतु राज्यकर्त्यांनी आखलेली सीमा एक आणि माणसांच्या सोयरिकीची, बाजाराची व देवदर्शनाची सीमा दुसरी. ज्यांचे निम्मे सोयरे खाडीपलीकडे आहेत त्या केरीकरांना हे निराळे सांगावयास नको.

घरची गरिबी होती. मातीच्या बाहुल्या विकून कुटुंबाचा निर्वाह चाले. वडील शिकलेले नव्हते, व मुलाने इंग्रजी विद्या शिकावी असे त्यांच्या मनात येण्याचे काही कारणही नव्हते. परंतु मुलास बुद्धिबळाचा नाद होता, आणि त्यात त्याची बुद्धी अशी चाले की एका इंग्रज गृहस्थाचे तिकडे लक्ष गेले. त्याने वडिलांचे मन वळविले, व मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागला. बुद्धिबळाच्या पटावरून विद्येच्या दारी पोहोचलेला असा विद्यार्थी विरळाच. (आमच्या शाळेतही बुद्धिबळाचे दोन पट आहेत. एकाचा वजीर हरवला आहे. तो ज्याच्याकडे असेल त्याने आणून द्यावा.)

भाऊंनी बक्षिसे व शिष्यवृत्त्या मिळवून आपल्या शिक्षणाचा भार वडिलांच्या अंगावरून लवकरच उतरविला. पुढे वडील निवर्तले, आणि आई व धाकटा बंधू नारायण यांच्या पोषणाची जबाबदारी ह्या कोवळ्या वयातील विद्यार्थ्यावर पडली. ती त्यांनी आनंदाने पत्करली. कच्छ व काठेवाड प्रांतांत नवजात मुलींचा वध करण्याची जी घोर चाल होती, तीवर त्यांनी निबंध लिहून पारितोषिक मिळविले; आणि ज्या संस्थेत शिकले तेथेच ते शिक्षक झाले. कुटुंब पोसणाऱ्या तरुणाला ही जागा सोन्यासारखी होती. परंतु १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, तेव्हा भाऊ शिक्षकाची खुर्ची सोडून पुनः विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. आमच्यासारख्या शिक्षकांना ह्या निर्णयाचे मोल विशेष कळते. त्या महाविद्यालयाच्या अगदी पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. १८५१ साली त्यांनी मुंबईत वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला. पुढे नारायणरावही शल्यवैद्य होऊन त्यांना येऊन मिळाले. दोघा बंधूंनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. भाऊंच्या हाताला गुण आहे अशी ख्याती झाली व थोड्याच वर्षांत पैसाही पुष्कळ मिळाला.

त्यांच्या सार्वजनिक कार्याची नुसती यादी करू म्हटले तरी ह्या अंकाची पाने पुरणार नाहीत. १८५२ साली स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनच्या उभारणीत ते पुढे होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या सदस्यांत ते होते. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी असा हिरिरीने पुरस्कार केला की त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावे मुलींची शाळा काढली. १८६२ साली महाराज लायबल केस म्हणून जो गाजलेला खटला चालला, त्यात धर्मगुरूंच्या दुराचारावर लेखणी उचलणाऱ्या करसनदास मुळजींच्या बाजूने भाऊंनी न्यायालयात साक्ष दिली. बड्या धनिकांचा रोष ओढवून घेण्याचे ते काम होते. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा मुंबईच्या शेरीफपदावर त्यांची नेमणूक झाली.

परंतु आमच्या मते भाऊंचा खरा पिंड संशोधकाचा. दिवसभर रोगी तपासावेत आणि रात्री जुन्या पोथ्या व शिलालेखांचे ठसे घेऊन बसावे, असा त्यांचा क्रम. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवरचे रुद्रदामन व स्कंदगुप्त यांचे लेख, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, कालिदासाचा काल, आर्यभटाचा अस्सल ग्रंथ कोणता, अशा प्रश्नांवर त्यांनी लिहिलेले निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. लेखांचे ठसे घेण्यासाठी त्यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणास आपल्याजवळ ठेवून घेतले. हाच तरुण पुढे स्वतः थोर पुराणवस्तुपंडित म्हणून प्रसिद्धीस आला. ह्या संशोधनात भाऊंचा एक बाणा दिसतो. अमुक म्हणतात म्हणून ते तसे, ही भाषा त्यांना मान्य नव्हती. दगड दाखवा, पोथी दाखवा, मग बोला. आणि जे सापडले ते छापून चारचौघांपुढे ठेवा, म्हणजे चूक असेल तर कोणीतरी दाखवील. हा बाणा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे आम्हांस त्याचे काम पडणार आहे.

आता पुनः त्या कडू फळाकडे येऊ.

ज्या रोगास आपण आज कुष्ठरोग म्हणतो, त्यास जुने लोक महारोग म्हणत. हाताच्या बोटांची संवेदना जावी, जखमा कळू नयेत, चेहरा विद्रूप व्हावा, असा तो रोग. तो कशाने होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणत, कोणी कुळाचा दोष म्हणत. आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकले आहे की तिच्या माहेरच्या गावी अशा एका माणसास वाड्याबाहेर माडाच्या झावळ्यांची खोप घालून दिली होती. घरचे लोक दुपारी पेज ठेवून मागे सरत, मग तो येऊन उचली. त्याच्या लग्नाच्या बायकोनेही त्याचा स्पर्श पुनः केला नाही. आजी हे सांगताना आवाज खाली घेत असे, जणू अजूनही कोणी ऐकेल. रोग्याचे अंग झडण्याआधी त्याचे माणूसपण झडे. नॉर्वे देशातील हान्सेन नावाच्या वैद्यास ह्या रोगाचे जंतू दिसले ते १८७३ साली. भाऊंनी ह्या रोगाशी झुंज घेतली ती त्याच्या आधी, म्हणजे शत्रू कोण हे कळण्यापूर्वीच.

भाऊ इंग्रजी वैद्यक शिकले होते, परंतु त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथही तितक्याच बारकाईने अभ्यासिले होते. प्राचीनांनी ज्या वनस्पतींचे गुण वर्णिले आहेत त्यांतील खरे किती व अतिशयोक्ती किती, हे रोग्यांवर सावधपणे पडताळून पाहण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. तो पश्चिम समुद्राच्या काठच्या प्रदेशात होतो, पावसाळ्यात त्याची पिकलेली फळे गोळा करावी, बियांचे तेल काढावे व ते कुष्ठावर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. हा तुवरक म्हणजेच आपली कडू कवठी, असे आजचे जाणकार मानतात. पश्चिम समुद्राचा काठ म्हणजे आपलाच काठ! सुश्रुताचा श्लोक आणि पेडण्यातला व्हाळ ही दोन्ही ज्यास परिचयाची, असा वैद्य त्या काळी मुंबईत दुसरा कोण होता?

झाडाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. कडू कवठ हा सदाहरित वृक्ष. कोकणापासून केरळापर्यंत घाटाच्या पश्चिम अंगास, विशेषतः ओहोळांच्या काठी, तो वाढतो. पाने लांबट व टोकदार, फुले लहान व पांढुरकी. नरफुले एका झाडावर व मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. शास्त्रीय नाव हिड्नोकार्पस. ह्या प्रजातीत सुमारे ४० जातींची झाडे असून ती भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरली आहेत. त्यांतील अनेकांची फळे विषारी आहेत. कुटलेले फळ कोंडीच्या पाण्यात टाकून मासे गुंगवून पकडण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. मात्र असे विषारी फळ खाल्लेले मासे माणसालाही बाधतात. बियांचे तेल थंडीत तुपासारखे गोठते. खरूज-नायट्यावर ते बाहेरून चोळण्याचा प्रघात जुनाच. पोटात घ्यावयाचे म्हटले तर मळमळते, वांत्या होतात, कित्येकांस ते सोसतच नाही. एकच वस्तू एका मापाने विष व दुसऱ्या मापाने औषध. ते माप शोधून काढणे हेच वैद्याचे खरे काम, आणि त्यासाठी महिनोन्महिने रोग्यापाशी बसावे लागते.

भाऊ असे बसले. ज्यांना लोक दाराशी उभे करीत नसत, त्यांना त्यांनी औषध दिले, पथ्य घालून दिले, आणि बऱ्याच जणांस उतार पडू लागला. ह्या उपचाराचा मुंबईत मोठा बोलबाला झाला. परंतु औषध कोणते, हे भाऊंनी सांगितले नाही.

येथे आमच्या वर्गात मोठा वाद झाला. एका मुलीचे म्हणणे असे की भाऊंनी हे फार वाईट केले. त्यांना ठाऊक होते आणि हजारो लोक कुजत होते. एका मुलाने त्यांची बाजू घेतली. अर्धवट तपासलेले औषध जाहीर केले आणि कोणी भलत्या मापाने दिले, तर विषच ते, माणसे मरतील, असा त्याचा मुद्दा होता. मागच्या बाकावरच्या एकाने निराळीच गोष्ट काढली. त्याच्या वाड्यावर कावीळीवर गावठी औषध देणारे एक आजोबा आहेत. ते पहाटे कोणी उठण्याआधी जाऊन पाला आणतात व ठेचून देतात, म्हणजे पान ओळखू येत नाही. नाव सांगितले तर औषधाचा गुण जातो, अशी त्यांची श्रद्धा आहे. पैसा ते घेत नाहीत. मग त्यांना वाईट म्हणावयाचे काय?

हा प्रश्न आम्हांस आजही सुचतो तेव्हा थांबवितो. आपल्या गावोगावच्या त्या आजोबांचे पाल्याचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते, त्यांच्या मुलांना बहुधा त्याची गरजही वाटत नाही, आणि ते बरोबर की चूक हे तपासण्याची संधीही त्याबरोबरच जाते. तथापि त्या आजोबांस जे क्षम्य आहे ते भाऊंस तितके क्षम्य आहे असे आम्हांस वाटत नाही. ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर होते. शिलालेखाचे एकेक अक्षर छापून जगापुढे ठेवणारे, पुराव्यावाचून बोलू नये म्हणणारे विद्वान होते. ज्या कसोटीवर त्यांनी कालिदासाचा काल घासला, त्याच कसोटीवर आपले औषध त्यांनी चारचौघांस घासू दिले नाही. वैद्यकाचा नियम असा की औषधाचे नाव, माप व निष्पत्ती सर्वांसमोर मांडावी, म्हणजे दहा ठिकाणी ते तपासले जाईल. मुंबईतील डॉक्टरांनी त्यांना ह्याच कारणाने बोल लावले, आणि त्यात नुसता मत्सर होता असे आम्ही म्हणणार नाही. पूर्ण खात्री झाल्यावाचून प्रसिद्ध करू नये असे भाऊंनी ठरविले असेल, तर तो सावधपणा समजण्याजोगा आहे. परंतु खात्री होईपर्यंत आयुष्य थांबत नाही, ही गोष्ट वैद्याहून अधिक कोणास ठाऊक असावी?

आणि तसेच झाले. भाऊंना पक्षाघाताने गाठले. मे १८७४ मध्ये, वयाची पन्नाशी गाठून जेमतेम एकदोन वर्षे होतात न होतात तोच, ते निवर्तले. पुढच्याच वर्षी बंधू नारायणरावही गेले. औषधाचे रहस्य मात्र सुदैवाने सर्वस्वी बुडाले नाही. मुंबईतील औषधशास्त्रज्ञ विल्यम डायमॉक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हिंदुस्थानातील वनस्पतिज औषधांचा जो मोठा ग्रंथ १८९० नंतर प्रसिद्ध केला, त्यात कवटीच्या वर्णनात भाऊंच्या कुष्ठोपचाराचा निर्देश येतो.

कलकत्त्यास डॉ. मोआट यांनी १८५४ साली चालमोग्रा नावाच्या बियांचा कुष्ठावरील उपयोग युरोपीय वैद्यांपुढे मांडला होता. ती बी पूर्वेकडील अरण्यांतून येई, आणि ती नेमकी कोणत्या झाडाची ह्याविषयीच पुष्कळ वर्षे घोटाळा चालला. शेवटी ती आपल्या कडू कवठीच्याच एका भावंडाची ठरली. म्हणजे एकाच कुळातील दोन झाडे, एक बंगालच्या बाजारात व एक कोकणच्या ओहोळाकाठी. एकाविषयी लिहिले गेले, दुसऱ्याविषयी मौन राहिले. दोहोंचा मेळ वेळीच बसता तर किती वर्षे वाचली असती कोण जाणे.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक पॉवर या रसायनशास्त्रज्ञाने ह्या तेलांतील विशिष्ट अम्ले वेगळी काढली. एकास हिड्नोकार्पिक व दुसऱ्यास चालमोग्रिक अशी नावे मिळाली. त्यांच्या रेणूत पाच कार्बन अणूंचे एक कडे असते, जे सामान्य तेलांत आढळत नाही. तेल पोटात सोसत नाही आणि टोचावे तर घट्टपणामुळे गाठी होतात, ही अडचण उरली होती. ती हवाई बेटांत अॅलिस बॉल ह्या कृष्णवर्णीय तरुणीने सोडविली. तेलातील अम्लांपासून टोचण्याजोगे पातळ द्रव्य तिने तयार केले आणि १९१६ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती वारली. तिच्या पद्धतीचे श्रेय पुढे दुसऱ्याच्याच नावे गेले, व तिचे नाव उजेडात यावयास फार काळ लागला. भाऊंनी आपले ज्ञान स्वतः झाकले. हिचे दुसऱ्यांनी झाकले. आमच्या वर्गातील त्या वाद घालणाऱ्या मुलीस ही दुसरी गोष्ट अधिक लागली, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

सर लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यास असेच प्रयोग केले, आणि कित्येक वर्षे कुष्ठरोग्यास ह्या तेलाखेरीज दुसरा आधार नव्हता. त्याने सर्वच रोगी बरे होत नसत. ज्यांचा रोग नवा, त्यांस गुण अधिक. १९४० नंतर डॅप्सोनसारखी रासायनिक औषधे आली व तेल मागे पडले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. त्या उपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, आणि आपल्या सरकारी आरोग्यकेंद्रांतून तो विनामूल्य मिळतो. २००५ सालाच्या अखेरीस आपल्या देशात रोग्यांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. पण रोग संपलेला नाही. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नये, डॉक्टरकडे जावे. आणि ही हकीकत वाचून कोणी कवटीच्या बिया कुटून घरी औषध करू लागेल, तर तसे मुळीच करू नये. त्या आठवीतील मुलाच्या आजीचा धाक येथेही लागू आहे.

भाऊंचे विखुरलेले निबंध १८८८ साली कलकत्त्यास एकत्र छापले गेले. मुंबईत माटुंग्यास त्यांच्या नावाचा रस्ता आहे. भायखळ्यास १८७२ साली उघडलेले जे वस्तुसंग्रहालय त्यांनी जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर झटून उभे केले, त्यास पूर्वी राणी व्हिक्टोरिया व तिच्या पतीचे नाव होते. १९७५ साली ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असे ठेवण्यात आले. ते राणीच्या बागेच्या आवारातच आहे. आमच्या केरीतील पुष्कळ कुटुंबांचे आप्त मुंबईस आहेत व मे महिन्यात मुले तिकडे जातात. हत्ती व वाघ पाहून झाल्यावर त्यांनी त्या इमारतीतही जावे. आत मातीच्या बाहुल्याही मांडलेल्या आहेत; त्या पाहताना मांद्र्याच्या त्या घराची आठवण ठेवावी.